घरी पळतो, लॅबमध्ये पडतो

प्रश्न : सर, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांच्या रोजच्या पावसाच्या नोंदींवरून सरासरी आणि तूट काढणारा सी प्लस प्लस प्रोग्राम मी लिहिला. घरच्या लॅपटॉपवर ‘-ओ३ -एमआर्च=नेटिव्ह’ हे वेग वाढवणारे पर्याय लावून कंपाइल केला, झपाट्यानं चालतो. तीच तयार फाइल पेनड्राइव्हवर लॅबमध्ये नेली, तर ‘इललीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून जागेवर बंद. लॅबमध्ये तिसऱ्या जनरेशनचा आय-३ आहे, दोन्हीकडं लिनक्सच. व्हायरस असेल का?
– एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : व्हायरस नाही गं, आणि तुझ्या कोडातही खोट दिसत नाही. ‘नेटिव्ह’ म्हटलं की जीसीसी हा कंपायलर समोरच्या प्रोसेसरला काय काय येतं ते बघतं आणि त्यातलं हवं ते बिनदिक्कत वापरतं. तुझ्या लॅपटॉपला एव्हीएक्स-२ (एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचना) आणि एफएमए (गुणाकार-बेरीज एकत्र करणाऱ्या सूचना) येतं. इंटेलनं ही दोन्ही २०१३ साली हॅसवेलमध्ये, म्हणजे चौथ्या जनरेशनला आणली. लॅबचा आय-३ त्याच्या आधीचा. त्या सूचना त्याला कळतच नाहीत. नुसत्या जनरेशनवरही विसंबू नकोस, नंतरच्या कितीतरी पेंटियम-सेलेरॉनमध्येही एव्हीएक्स-२ नव्हतं. ‘एलएससीपीयू’ ही प्रोसेसरची माहिती देणारी आज्ञा चालवून फ्लॅगांच्या ओळीत बघ.

सोपा मार्ग म्हणजे तयार फाइलऐवजी सोर्स, म्हणजे मूळ कोड ने आणि तिथंच कंपाइल कर. पण हिंगोली-बीडच्या तालुक्यांत ही आकडेवारी ज्यांना लागते, त्यांच्या टेबलावर कंपायलर नसतो आणि तुझा लॅपटॉपही नसतो. त्यांच्यासाठी ‘-ओ२ -एमट्यून=नेटिव्ह’ लाव. एमट्यून सूचनांची मांडणी तुझ्या प्रोसेसरला सोयीची करतं, नव्या सूचना घुसवत नाही. एखादंच फंक्शन जड असेल तर त्याला ‘टार्गेट_क्लोन्स’ लाव: एकाच फाइलमध्ये दोन प्रती राहतात आणि चालताना प्रोसेसर बघून योग्य ती निवडली जाते. मला हाच उपाय सगळ्यात आवडतो.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी सांगतो. एफएमए गुणाकार-बेरीज एका दमात करतं, मधलं राउंडिंग गाळतं. त्यामुळं दोन मशीनवर सरासरीचे शेवटचे अंक वेगळे येऊ शकतात. पावसाच्या मिलिमीटरात फरक पडणार नाही, पण दोन्हीकडचे निकाल ताडून बघायचे असतील तर ‘-एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ’ दे.

आणि पावसाच्या नोंदींची सीएसव्ही फाइल वाचायला किती वेळ जातो ते मोजलंस का? बहुतेक वेळ तिथंच जात असेल तर ओ२ काय नि ओ३ काय, सारखंच. वाचन आणि हिशेब वेगवेगळे मोजून दोन्ही मशीनचे आकडे मला कळव.