गाडी २५,००० किमी झाली, रोज सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून जाते. गॅरेजवाला म्हणतो ब्रेक पॅड बदला. बदलायलाच हवेत का?

नुसत्या किलोमीटरवरून बदलू नका, पॅडची जाडी मोजायला सांगा. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिमी घर्षणाचा थर असतो. मागची लोखंडी पट्टी सोडून तो ३ मिमीच्या आसपास आला की बदलायचे. ५-६ मिमी असेल तर खुशाल चालवा, पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा बघा. मोजताना चाक काढायला लावा आणि समोर उभे राहा. बाहेरचा पॅड चांगला दिसतो आणि आतला संपलेला असतो, असं बऱ्याचदा होतं, कारण कॅलिपरची, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाची, पिन जाम झालेली असते. बदलायचे ठरले तर पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम बदला, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. तुमच्यासारख्या थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीचे पॅड हायवेवाल्यापेक्षा लवकर झिजतात, म्हणजे गॅरेजवाला खोटंच बोलतोय असंही नाही.

मात्र ब्रेक लावताना सतत बारीक किरकिर येत असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका, पॅड संपत आला की असा आवाज व्हावा म्हणूनच बऱ्याच पॅडना पत्र्याची जीभ दिलेली असते. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला होणारी खरखर वेगळी, तो डिस्कवरचा, म्हणजे पॅड जिला घासतात त्या चकतीवरचा, गंज.