झडत्या तोंडपाठ, पण वाचता येत नाही

पोरगं बोलायला चुणचुणीत, हिशोबाला पक्कं. पण पुस्तक उघडलं की गप्प. आळशी आहे, मंद आहे, की मोबाइलनं बिघडलंय? यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, मुलाला वाचता येत नाही म्हणून माझ्याकडे येणाऱ्या आईबापांचा हा ठरलेला प्रश्न. एका मुलाचं सांगते. त्याला इथे प्रणय म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रणय जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला. घरी कोरडवाहू कापूस, मधे तुरीच्या ओळी. आई म्हणाली, "मॅडम, पोयाच्या साऱ्या झडत्या पाठ हायेत याले. मंग पुस्तकातल्या दोन ओयी काहून वाचता येत नाही?" झडत्या म्हणजे पोळ्याला बैलांपुढे म्हणायची गाणी. वडिलांचा निकाल लागलेला होता: "कामचोर हाय तो. मोबाइल बराबर चालवते नं!" बुद्धी वाढवायच्या सिरपच्या बाटल्याही रिकाम्या करून झाल्या होत्या. कुठल्याही सिरपनं वाचता येत नाही. ते पैसे वाचवा, चष्मा लागला तर कामी येतील.

डोळे आणि कान मात्र आधी तपासून घ्यावेत. शाळेत येणारं बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक ते फुकट तपासतं. कान वाहणारी लेकरं आपल्याकडे कमी नाहीत, आणि कमी ऐकू येणारं मूल ते बेमालूम लपवतं. प्रणयचं दोन्ही ठीक निघालं.

मग मी झडतीचा शेवट कागदावर लिहिला, थोडा बदलून: "एक नमन मामा मावशी, हर बोला हर हर महादेव." त्यानं ऐटीत बोट ठेवलं आणि म्हणाला, "एक नमन गौरा पार्वती..." बोट 'मामा'वर, तोंडात गौरा. पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा गौराच. शाळेतही हेच चाललं होतं. दुसऱ्यांनी वाचलेला धडा ऐकून तो पाठ करायचा आणि पान बघून म्हणायचा. पहिली-दुसरीचे धडे छोटे असतात, निभावून गेलं. तिसरीत धडे लांबले आणि सगळ्यांना वाटलं, पोरगा अचानक बिघडला.

बाराखडीही तो न अडखळता म्हणायचा. पण एकटा 'कू' दाखवला की हळूच पुटपुटायचा, "क, का, कि, की, कु, कू", आणि तिथवर पोचल्यावर मोठ्यानं सांगायचा, "कू!" एका अक्षरासाठी इतकी पायपीट, तर ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात डोक्यात राहणार कशी?

शेवटी विचारलं, "'कापूस'मधून 'का' काढला तर काय उरते?" जरा विचार करून म्हणाला, "सरकी."

मी मनापासून हसले. शेतकऱ्याच्या पोराचं उत्तर होतं, आणि त्याच्या परीनं बरोबरच. पण दुखणंही तिथेच कळलं. शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून नुसता आवाज कानात धरणं, त्याचे तुकडे करणं, ते जोडणं त्याला जमत नव्हतं. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं शिकायला अडणं, असलेल्या बऱ्याच मुलांचं वाचन इथेच अडतं. बुद्धीचा त्यात दोष नसतो. अशा मुलाला शिक्षा म्हणून धडा दहादा उतरवायला लावला, तर तो चित्र काढावं तसा उतरवतो. वही भरते, वाचन येत नाही.

आम्ही कानापासून सुरुवात केली. आईला वेचणीच्या दिवसांत वेळ नसतो, म्हणून खेळ असा दिला की हात कामात राहावेत: शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. कापूस, सरकी, कीड, डवरा, राख. मग पहिला आवाज काढून टाकायचा खेळ. ते जमल्यावरच कागद, तोही रोज पंधरा मिनिटांच्या वर नाही. बाराखडी बंद. फक्त काना: मामा, काका, राजा, बाजार. काना विचार न करता वाचता यायला लागला तेव्हा वेलांटी. 'कि' मुलांना छळतो, कारण डोळ्याला वेलांटी आधी दिसते आणि तोंडात क आधी येतो. घ आणि ध, भ आणि म एकाच आठवड्यात शिकवायचे नाहीत, हे मी शिक्षकांना बजावून सांगते.

त्याच्या वहीत एका गोष्टीवर सारख्या लाल रेघा होत्या: डोया, केय, काया. घरी सगळे 'ळ'चा 'य' करतात, त्यानं कानानं ऐकलं तेच लिहिलं. हा दोष मी अक्षमतेत धरत नाही. छापलेला 'डोळा' बघून तो 'डोया' म्हणाला तर त्यानं वाचलंच की! 'ळ' लिहायचा कसा, ते सावकाश शिकवता येतं.

वाचायला पुस्तक नाही दिलं. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन तो कोणाकोणाकडे गेला, बोजारा, म्हणजे नंदीसाठी मिळणारे पैसे, किती मिळाला, हे त्यानं सांगायचं आणि आईनं त्याच्याच शब्दांत लिहायचं. दुसऱ्या दिवशी त्यानं वाचायचं. मात्र आईनं रोज एखादा शब्द गुपचूप बदलायचा, म्हणजे पाठांतर चालत नाही. चोरी पकडण्यात त्याला एवढी मजा वाटायला लागली की तो आधी बदललेला शब्दच शोधायचा. शाळेतल्या सरांना एकच विनंती केली: वर्गात अचानक उभं करू नका, उद्याच्या दोन ओळी आजच सांगा. त्यांनी ती पाळली.

रीतसर तपासणीलाही पाठवलं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 2015 मध्ये आणलेल्या, वाचनातली अक्षमता ओळखायच्या 'डाली' चाचण्या मराठीतही आहेत. इंग्रजीतून तपासून मराठी मुलाला नापास करू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, आणि प्रमाणपत्र असलं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक मिळतो. वडील म्हणाले, "पोरावर शिक्का बसन नं, मॅडम." मी म्हटलं, "भाऊ, कामचोर हा शिक्का तर तुम्ही आधीच मारला." ते काही बोलले नाहीत, पण जिल्ह्याच्या रुग्णालयात तेच घेऊन गेले.

प्रणय आता पाचवीत आहे. सावकाश वाचतो, बोट ठेवून, पण जे लिहिलंय तेच वाचतो. शुद्धलेखन कच्चं आहे आणि बहुधा राहील. जोडाक्षरांत सध्या एकाच अक्षराची जोडी चालू आहे: पत्ता, कच्चा, पोट्टा. 'राष्ट्र' आणि 'सूर्य' दिवाळीनंतर घेऊ, असं आईला सांगितलंय.