एन्टूम्ड, डिसमेंबर या स्वीडिश डेथ मेटल बँड्सचा तो करवतीसारखा गिटारचा आवाज नेमका कसा काढलाय? खूप महागडा अँप लागतो का?

अँप नाही, त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे एक पेडल, म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये जोडायची, आवाज बदलणारी छोटी पेटी: बॉस कंपनीचं एचएम-२ हेवी मेटल. १९८३ मध्ये आलं, १९९१ पर्यंत बंदही झालं. स्टॉकहोमच्या पोरांनी मात्र त्याची चारही बटणं पूर्ण उजवीकडे फिरवली आणि सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्गने तो आवाज रेकॉर्ड केला. एन्टूम्डचा 'लेफ्ट हँड पाथ' हा अल्बम (१९९०) ऐका, लगेच कळेल.

मेटल म्हणजे मिड्स (आवाजातला मधला भाग, ना जाड ना बारीक) कापायचे असा समज असतो. इथे बरोबर उलटं आहे. एचएम-२ चं हाय बटण ट्रेबल (वरचा, बारीक आवाज) वाढवत नाही, साधारण १ किलोहर्ट्झच्या आसपासचे मिड्स जोरदार उचलतं. ती करकर तिथूनच येते. लो बटण १०० हर्ट्झजवळचा भाग फुगवतं. म्हणून हाय कमी केलंत तर सगळी मजाच गेली.

घरी करायचं तर अँप क्लीन किंवा किंचित क्रंचवर (हलक्या खरखरीवर) ठेवा, त्यावर आणखी गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) चढवू नका, नुसता चिखल होईल. अँपचा बेस थोडा उतरवा. गिटार बरीच खाली ट्यून करा, जाड तारा लावा. एकच रिफ दोनदा वाजवून डावी-उजवीकडे टाका. कॉपी-पेस्ट केलेला ट्रॅक चालणार नाही. नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारं उपकरण) हवाच, नाहीतर हात थांबला की पेडल किंचाळतं.

जुन्या जपानी पेडलच्या मागे लागू नका, किमती वेड्यासारख्या आहेत. बॉसचंच नवं एचएम-२डब्ल्यू मिळतं, नाहीतर एखादं प्लगइन (कॉम्प्युटरवर तोच आवाज देणारं सॉफ्टवेअर).