डीएफ म्हणतं डिस्क भरली, डीयू म्हणतं जागा आहे: मधले १७ जीबी कुठे गेले?

लिनक्सवर डिस्कची जागा दाखवणाऱ्या डीएफ आणि डीयू या दोन कमांडचे आकडे जुळत का नाहीत, असं तुम्ही विचारलंत. तुमचे आकडे असे: रूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टिम असलेला मुख्य भाग) ५० जीबी, 'डीएफ -एच' वापर ४८ आणि शिल्लक शून्य दाखवतं, 'डीयू'ची बेरीज मात्र ३१. मोठी लॉग फाइल (प्रोग्रॅमच्या नोंदींची) उडवूनही जागा सुटली नाही.

दोन्ही कमांड खरंच सांगताहेत. डीएफ फाइल सिस्टिमला विचारतं, किती ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचे तुकडे) गेले? डीयू फोल्डरमागून फोल्डर फिरून नाव असलेल्या फाइलींची बेरीज करतं. फाइल उडवणाऱ्या 'आरएम' कमांडने नुसतं नाव पुसलं जातं. एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) फाइल उघडी धरली असेल तर ब्लॉक अडकूनच राहतात, आणि नाव नाही म्हणून डीयूला ते दिसत नाहीत.

डीयू सुडोने, म्हणजे रूट यूजरच्या (ॲडमिनच्या) अधिकाराने, चालवलं होतं ना? नसेल तर परवानगी नसलेले फोल्डर मोजलेच गेले नाहीत. '-एक्स'ही लावा, म्हणजे दुसरी पार्टिशनं बेरजेत येणार नाहीत. मग हे चालवा:

सुडो एलसॉफ +एल१

नाव पुसलेल्या पण उघड्या फाइली इथे दिसतात. साइजच्या रकान्यात अकरा आकडी संख्या शोधा. ती फाइल धरून बसलेली सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा लगेच सुटते. आत्ता रीस्टार्ट शक्य नसेल, तर त्याच ओळीतला पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि एफडी (तिने उघडलेल्या फाइलीचा क्रमांक) घ्या. समजा ते १४३२ आणि '५डब्ल्यू' आहेत, तर फाइल न पुसता रिकामी करणारी ट्रंकेट कमांड अशी:

सुडो ट्रंकेट -एस ० /प्रॉक/१४३२/एफडी/५

डब्ल्यू म्हणजे लिहिण्यासाठी उघडलेली. ते अक्षर कमांडमध्ये घ्यायचं नाही. फाइल लॉगच आहे याची खात्री करूनच एंटर दाबा. डेटाबेसच्या फाइलीवर हे केलंत तर डेटा गेला.

एलसॉफमध्ये काही सापडलं नाही, तर माउंट पॉइंटखाली, म्हणजे दुसरी डिस्क ज्या फोल्डरवर जोडली जाते त्याखाली, बघा. बॅकअपची डिस्क जोडलेली नसताना बॅकअप चालला, की तो रूटवरच लिहिला जातो आणि डिस्क जोडल्यावर झाकला जातो. 'सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी' करून /एमएनटीवर डीयू चालवा, दडलेलं दिसेल.

५० मधून ४८ गेले तरी शिल्लक शून्य का? ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम सहसा ५ टक्के जागा रूट यूजरसाठी राखते, इथे अडीच जीबी. रूट पार्टिशनवर ती राहू द्या. डिस्क भरल्यावर लॉगिन करून साफसफाई करता येते ती त्याच जोरावर.

यापुढे चालू लॉग आरएमने उडवू नका, ट्रंकेटने रिकामी करा. /व्हार/लॉग/जर्नल (सिस्टिमच्या लॉगचा फोल्डर) फुगला असेल तर 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम' पुरे.