स्मेल्टरच्या धुराने ओसाड झालेल्या जमिनीवर पुन्हा झाडे उगवतात का?

आपण विचारले आहे की तांबे, निकेल किंवा जस्त गाळणाऱ्या कारखान्याभोवतीची जमीन कायमची नापीक होते का, आणि तेथे पुन्हा हिरवळ दिसू लागली तर ती जमीन स्वच्छ झाली असे समजावे का. मृदाशास्त्र शिकत असताना मी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, सडबरी येथे दोन वर्षे राहिलो आहे, त्यामुळे त्या गावाच्याच आधारे उत्तर देतो. अशा जमिनीवर झाडे पुन्हा उगवू शकतात. मात्र झाडे उगवली म्हणजे धातू निघून गेले, असे होत नाही.

सडबरीत 1883 मध्ये रेल्वेमार्गाचे खोदकाम चालू असताना तांबे आणि निकेलचे खनिज सापडले. त्यातला गंधक काढून टाकण्यासाठी 1888 पासून ते उघड्यावरच भाजले जाई. लाकडाच्या ओंडक्यांचा थर रचायचा, त्यावर खनिजाचा ढीग घालायचा आणि पेटवून तो महिनोन्महिने धुमसत ठेवायचा, अशी ती पद्धत होती. जळणासाठी आसपासचे जंगल तुटले आणि जमिनीलगत पसरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडने उरलेसुरले जळाले. ही पद्धत 1929 च्या सुमारास थांबली, तरी कॉपर क्लिफ, कोनिस्टन आणि फाल्कनब्रिज येथील भट्ट्यांच्या धुरांड्यांतून वायू आणि धातूंचे सूक्ष्म कण पडतच राहिले. अखेरीस 17,000 ते 20,000 हेक्टर जमीन पूर्ण ओसाड झाली आणि तिच्याभोवती त्याहून तिपटीपेक्षा अधिक क्षेत्रावर खुरटलेले, विरळ रान तेवढे उरले. वरची माती पावसाने वाहून गेली आणि खालचे खडक काळे पडून उघडे झाले.

आता मातीच्या आत काय घडते ते पाहू, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. भट्टीजवळच्या एक किलो मातीत तांबे आणि निकेल प्रत्येकी 1,000 मिलिग्रॅमहून अधिक सापडत असे. सामान्य मातीत हे प्रमाण सहसा शंभर मिलिग्रॅमच्या आतच असते. तरीही केवळ एकूण प्रमाणावरून जमिनीची विषारीता ठरत नाही. धातूचा बराचसा भाग चिकणमातीला आणि सेंद्रिय पदार्थाला चिकटून राहतो. मुळांना अपाय करतो तो मातीतील पाण्यात विरघळलेला भाग, आणि तो किती असेल हे मुख्यतः मातीच्या सामूवर (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक; तो 7 च्या जितका खाली तितकी माती अधिक आम्ल) अवलंबून असते. सडबरीतील धुराने सामू अनेक ठिकाणी 4 च्या खाली नेला होता. एवढ्या आम्लात तांबे आणि निकेल तर मोकळे होतातच, शिवाय मातीतले मूळचे ॲल्युमिनियमही विरघळते. तांबे आणि ॲल्युमिनियम मुळांच्या टोकांची वाढ रोखतात, त्यामुळे मुळे आखूड आणि जाड राहतात आणि रोपाला पाणी व स्फुरद मिळेनासा होतो. निकेल लोहाच्या कार्यात अडथळा आणते आणि पाने शिरांच्या मध्ये पिवळी पडतात. पाचोळा कुजवणारे जिवाणू आणि बुरशीही मंदावतात, त्यामुळे अन्नद्रव्यांचे चक्र अडते. गंधकाचा धूर कमी झाल्यावरही जमीन आपोआप सावरली नाही, याचे कारण हेच होते.

लॉरेन्शियन विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ कीथ विंटरहाल्डर यांनी दाखवून दिले की या जमिनीला दळलेली डोलोमाइट चुनखडी दिली की बियाणे तग धरते. 1978 मध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. विद्यार्थी आणि बेरोजगार झालेले कामगार चुनखडीची पोती खांद्यावर घेऊन डोंगरउतारांवर चढले आणि हेक्टरी सुमारे 10 टन चुनखडी त्यांनी हाताने पसरली. त्यानंतर खत आणि गवत व द्विदल वनस्पतींचे बी टाकले. सामू वाढला, धातू मातीच्या कणांना घट्ट धरून बसले, द्विदलांनी नत्र पुरवले, आणि मग बर्च, विलो, पॉप्लर यांचे वाऱ्याने आलेले बी कोणी न पेरताच रुजू लागले. लावलेल्या झाडांची संख्या आता 1 कोटीच्या पुढे गेली आहे. त्या उतारांवरून चालताना पायाखाली चुनखडीचे पांढरे कण दिसत, आणि एवढे मोठे रान माणसांनी पोती वाहून उभे केले आहे या जाणिवेने मला दर वेळी भरून येई.

तरीही त्या मातीतले तांबे आणि निकेल आजही तेथेच आहे. चुनखडीने ते बांधून ठेवले आहे, नाहीसे केलेले नाही. माती पुन्हा आम्लधर्मी झाली तर ते पुन्हा मोकळे होऊ शकते. रानासाठी एवढे पुरते, पण अन्नासाठी नेहमीच पुरत नाही. जपानमध्ये जिंझू नदीच्या पाण्याने भातखाचरांत कॅडमियम हा विषारी धातू साचला होता आणि तो भात वर्षानुवर्षे खाल्ल्याने लोकांची हाडे ठिसूळ झाली. तेथे शेवटी शेतांची माती बदलावी लागली आणि ते काम 2012 पर्यंत चालले. खाचरात पाणी उभे असेपर्यंत कॅडमियम बहुतांशी अडकून राहते आणि पाणी काढल्यावर मोकळे होते. आर्सेनिकचे वागणे नेमके उलटे आहे. आर्सेनिक असलेल्या मातीला चुना दिल्यास ते अधिक मोकळे होण्याची शक्यता असते, म्हणून चुना हा सरसकट उपाय समजू नये.

आपली जमीन अशा कारखान्याजवळ असेल, तर माती परीक्षणात धातूंचे एकूण प्रमाण, पिकाला उपलब्ध होणारे प्रमाण आणि सामू या तिन्ही गोष्टी एकत्र मागवाव्यात. वरच्या 15 सेंटिमीटरचा नमुना वेगळा द्यावा, कारण धुरातून पडलेले धातू बहुधा तेथेच साचलेले असतात. कोकणातील जांभी माती मुळातच आम्लधर्मी असते, तर देशावरची काळी माती चिकण आणि विम्लधर्मी असल्याने तेवढेच धातू अधिक घट्ट धरून ठेवते, त्यामुळे दोन्हीकडचे अहवाल एकाच मोजपट्टीने वाचता येत नाहीत. अहवाल हाती येईपर्यंत पालक, मेथी, लेट्यूस यांसारख्या पालेभाज्या तेथे लावू नयेत, कारण त्या कॅडमियम सहज शोषून घेतात. शिशाचा धोका मात्र मुळांपेक्षा पानांवर आणि कंदांवर चिकटलेल्या धुळीतून अधिक असतो, म्हणून तेथील भाजी भरपूर पाण्यात धुऊन आणि कंद सोलूनच वापरावेत.