‘स्थानक’ म्हणजे थांबायची जागा, मग ‘प्रस्थान’ म्हणजे निघणं कसं? धातू (शब्दाचं क्रियावाचक मूळ) एकच आहे का?

हो, दोन्ही शब्द ‘स्था’ या एकाच धातूपासून आले आहेत. अर्थ फिरवला तो ‘प्र’ या उपसर्गाने. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘स्था’ हा धातू पहिल्या गणात (गटात) ‘ष्ठा गतिनिवृत्तौ’ असा येतो, म्हणजे गती थांबणं. आरंभीच्या ष चा स होतो, वर्तमानकाळात ‘तिष्ठति’ हे रूप होतं. ‘प्र’ म्हणजे पुढे, म्हणून प्र+स्था म्हणजे जागा सोडून पुढे निघणं. आणि तेव्हा धातू आत्मनेपदी होतो, म्हणजे शेवटी ‘ति’ऐवजी ‘ते’ येतं, ‘प्रतिष्ठते’. ‘उद्’ लागला की धातूतला स गळतो: उत्थान.

लिहिताना लोक अडखळतात ते स्थ की ष्ठ इथे. उपसर्गाच्या शेवटी इ किंवा उ असेल तर साधारणपणे ष्ठ: प्रतिष्ठा, निष्ठा, अधिष्ठान, अनुष्ठान. अन्यथा स्थ: संस्था, अवस्था, व्यवस्था, उपस्थित. ‘परिस्थिती’ मात्र या नियमात बसत नाही, तिथे स्थ च लिहा.

मुंबईकराच्या रोजच्या तोंडातलं ‘ठाणे’ही इथलंच, शिलाहार या जुन्या राजघराण्याच्या काळात त्याचं नाव श्रीस्थानक होतं. ‘ठाव’ आणि ‘ठाण’ही याच कुळातले.

एक खबरदारी: ‘स्टेशन’ हा शब्द संस्कृतातून गेलेला नाही. तो लॅटिनमधून इंग्रजीत आला. लॅटिन आणि संस्कृत धातूंचं मूळ त्याहून जुन्या भारोपीय भाषेत (भारत आणि युरोपातल्या अनेक भाषांच्या समान पूर्वज भाषेत) एक आहे, म्हणून ‘स्टेशन’ आणि ‘स्थानक’ ही भावंडं आहेत.