रामेछाप ते लुक्ला : ६ मिनिटे की ३६?

प्रश्न : येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही काही मित्र एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला जाणार आहोत. तिकीट रामेछाप ते लुक्ला असे आहे. या दोन विमानतळांतील अंतर ७४ किलोमीटर दिसते. मात्र उड्डाणाचा वेळ एक संकेतस्थळ ६ मिनिटे दाखवते, तर दुसरे ३६ मिनिटे. खरे काय मानावे आणि त्या दिवसाचे नियोजन कसे करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अंतर बरोबर आहे. लुक्ला रामेछापपासून उत्तरेला सुमारे ३३ आणि पूर्वेला सुमारे ६६ किलोमीटर आहे. शाळेत शिकलेल्या पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण काढला, की ७४ किलोमीटर येतात. वेळेचे दोन्ही आकडे मात्र एकाच ठोकळ गणितातून आलेले दिसतात. मोठ्या जेट विमानाचा ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासचा वेग धरून अंतराला भागले, की ६ मिनिटे मिळतात आणि त्यात उड्डाण व उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवला, की ३६. या मार्गावर जेट जातच नाही, त्यामुळे दोन्ही आकडे बाजूला ठेवावेत.

येथे ट्विन ऑटरसारखी दोन पंख्यांची, जेमतेम १९ आसनांची विमाने चालतात आणि त्यांचा वेग ताशी पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर असतो. शिवाय रामेछापचा विमानतळ समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहूनही कमी उंचीवर, तर लुक्ला २,८४५ मीटरांवर आहे आणि वाटेत लामजुराची डोंगररांग आडवी येते, जिची खिंडच साडेतीन हजार मीटरांच्या वर आहे. हे सारे धरून हवेतला वेळ साधारणपणे १५ ते २० मिनिटे होतो.

खरा प्रश्न हा वेळ सुरू केव्हा होईल, हा आहे. लुक्ल्याची धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब असून तिला जवळजवळ १२ टक्के चढ आहे, म्हणजे तिचे वरचे टोक खालच्या टोकापेक्षा सुमारे ६० मीटर उंच आहे. विमान चढाच्या दिशेने उतरते आणि पुढे थेट डोंगर असल्याने ऐनवेळी पुन्हा वर उचलून फेरी मारण्याची सोय नाही. वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसलीच पाहिजे. ढग आले, की उड्डाणे थांबतात. दुपारकडे वाराही वाढतो, म्हणून सकाळच्या पहिल्या फेऱ्यांपैकी तिकीट मिळवावे.

तिकिटावर रामेछाप असले, तरी विमानतळ तामाकोशी नदीकाठच्या मंथली गावात आहे. काठमांडूहून तेथवरचा डोंगरी रस्ता चार ते पाच तास घेतो, त्यामुळे गाड्या मध्यरात्रीनंतर लगेच निघतात. ते जागरण नको असेल, तर आदल्या दिवशीच मंथलीत मुक्कामाला जावे. सामानाची मर्यादा हातातल्या पिशवीसह बहुधा १५ किलो असते. विमानात डावीकडची जागा मिळाली, तर हिमशिखरे त्याच बाजूला दिसतात. परतीच्या वेळी लुक्ला आणि काठमांडू–मुंबई विमान यांच्यामध्ये किमान दोन मोकळे दिवस ठेवावेत.